छत्तीस ग्रॅमचा फरक

१. मावशींविरुद्धचं पत्र

मंगळवारी सकाळी साडेदहा वाजता मावशींनी स्वतःविरुद्धची तक्रार स्वतःच्याच हातानं आवक रजिस्टरात चढवली. लिफाफा फोडण्याआधी तो रोजच्यासारखा टपालाच्या काट्यावर ठेवला, आकडा पाहिला, सहा पानी पत्र शेवटपर्यंत वाचलं आणि रकान्यात लिहिलं: 'भिंग कारखान्याकडून. विषय: सीलबंद नमुन्याची कार्यालयात अदलाबदल. संशय: आवक-जावक टेबल. वजन ३८ ग्रॅम.' आवक-जावक टेबल म्हणजे त्या स्वतःच. अक्षर नेहमीसारखंच वळणदार आलं. पत्र कार्यालयप्रमुख मॅडमच्या खोलीत ठेवून परत आल्यावर मात्र त्यांना आपली खुर्ची दिसेना, आणि शेजारच्या टेबलवालीनं दंडाला धरून त्यांना बसवलं.

हे कार्यालय म्हणजे सरकारची चाळणी. परदेशातल्या कुणाला इथल्या कारखान्यात पैसा घालायचा असेल, आणि त्या कारखान्यात नाजूक तंत्रज्ञानाचं काही बनत असेल, तर कागद आधी इथे येतात. काय जाऊ द्यायचं आणि काय अडवायचं हे इथली सात माणसं ठरवतात. बाहेरच्यांना वाटतं, इथे हेरांच्या गोष्टी चालत असणार. प्रत्यक्षात दिवसभर कागदांना टाचण्या मारल्या जातात आणि पंखा वाढवायचा की कमी करायचा यावर भांडणं होतात.

भिंग कारखान्याचं प्रकरण तर सगळ्यांनी सोपं धरलं होतं. ऐंशी माणसांचा कारखाना, शाळेतल्या सूक्ष्मदर्शकांची भिंगं बनवणारा. परदेशी कंपनी निम्मा हिस्सा घेणार होती. नियम असा की रोजच्या मालातलं एक भिंग सरकारी प्रयोगशाळेत जायचं आणि तिथे त्याच्या सफाईला दहापैकी गुण मिळायचे. सहापर्यंत गुण मिळाले तर साधा माल, खुशाल विका. सात किंवा वर गेले, तर ते भिंग उपग्रहात बसून आभाळातून आपल्या अंगणातली बादली पाहू शकतं, आणि मग व्यवहार अडलाच म्हणून समजा. या कारखान्याच्या यंत्रांनी आजवर पाचाच्या वर उडी मारली नव्हती.

निकाल आला: नऊ.

कारखान्याच्या मालकाचं म्हणणं सरळ होतं. हे भिंग आमचं नव्हेच. मी माझ्या हातानं बांधलेल्या खोक्यात कुणीतरी दुसरं घालून माझा व्यवहार बुडवला. खोकं नऊ दिवस तुमच्या कपाटात होतं आणि कपाटाची किल्ली एका बाईकडे होती.

मॅडमनी पत्र दोनदा वाचलं आणि तोळामासाला बोलावून घेतलं.

तोळामासा हे अर्थातच त्याचं नाव नव्हतं. तो वजनमापे खात्यातून या कार्यालयात उसना आलेला दक्षता अधिकारी. अंगानं इतका किरकोळ की पंख्याखाली बसताना कागदाबरोबर त्याच्यावरही वजन ठेवावं असं लोक म्हणत. खात्यामुळे आणि तब्येतीमुळे हे नाव त्याला चिकटलं, आणि त्यानं ते गोड मानून घेतलं होतं.

"शुक्रवारी पाचला या प्रकरणाची मुदत संपते," मॅडम म्हणाल्या. "तोवर अदलाबदल कुणी केली ते कळलं नाही, तर मला मावशींना निलंबित करावं लागेल. तो कागद टंकून झालाय. माझ्या खणात आहे."

"मावशींना माहीत आहे?"

"जावक क्रमांक कोण देणार त्याला? त्यांनीच दिलाय."

२. बारा मिनिटं

मावशींना खिडकीजवळच्या खुर्चीत बसवून ठेवलं होतं. टेबल त्यांचं, पण हात लावायचा नाही. एकोणतीस वर्षांत त्या रिकाम्या हातानं बसलेल्या कुणी पाहिल्या नव्हत्या. नवरा लवकर गेल्यावर याच टेबलाच्या जोरावर त्यांनी दोन मुली शिकवल्या. धाकटी आता असल्याच एका सरकारी कार्यालयात लागणार होती, आणि आईच्या नावाला डाग लागला तर तिचंही काय होईल हे त्यांना वेगळं सांगायला नको होतं.

तोळामासाला या बाईंबद्दल एक जुनी खात्री होती. या कार्यालयात आला त्या पहिल्या दिवशी त्यानं सवयीनं त्यांचा टपालाचा काटा तपासला होता. बॅगेत तो नेहमी शंभर ग्रॅमचं एक पितळी वजन बाळगतो, जसं कुणी सर्दीची गोळी बाळगावी. ते वजन काट्यावर ठेवलं तर काटा शंभरावर उभा. आपला काटा खरा ठेवणारा माणूस बहुधा खराच असतो, असं त्याचं तेव्हापासूनचं मत. पण मत म्हणजे पुरावा नव्हे, आणि मालकाच्या पत्राला मतानं उत्तर देता येत नाही.

त्यानं विचारलं, किल्ली कधी दुसऱ्या कुणाकडे गेली होती का. मावशींनी बोलायच्या ऐवजी रजिस्टरचं मागचं पान उघडलं. तिथे बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'कपाटाची किल्ली प्राध्यापकांना. गुरुवार. बारा मिनिटं.'

"हे आधी का नाही सांगितलं, मावशी?"

"विचारलं नाही कुणी. आणि आपल्या गळ्यातलं काढून दुसऱ्याच्या गळ्यात घालायचं मला जमत नाही, साहेब. तुम्ही वाचलंत, ते तुमचं तुम्ही."

प्राध्यापक म्हणजे या कार्यालयाचे तांत्रिक सल्लागार. प्रत्येक बैठकीत ते एकच गोष्ट सांगत: या देशातली सुईसुद्धा बाहेर जाता कामा नये. आणि चांगलं भिंग कसं दिसतं, कुठे मिळतं, हे त्या इमारतीत फक्त त्यांनाच माहीत होतं.

३. प्राध्यापकांची कबुली

प्राध्यापकांनी हो ला हो केलं, त्यामुळे तोळामासाची थोडी निराशाच झाली. हो, किल्ली घेतली. हो, कपाट उघडलं. खोकं हातात घेतलं, हलवून पाहिलं, लाखेचं सील पाहिलं, परत ठेवलं.

"कशासाठी?" तोळामासानं विचारलं.

प्राध्यापक जरा लाजले. त्यांचं म्हणणं, व्यवहार होऊ नये असं त्यांना मनापासून वाटत होतं, आणि भिंग साधं असणार हेही ठाऊक होतं. त्या दिवशी त्यांच्या मनात आलं होतं खरं, की खोकं खाली पाडावं. भिंग फुटेल, नवा नमुना मागवावा लागेल, मुदत वाढेल. मग त्यांना वाटलं, पन्नाशी उलटलेल्या माणसानं सरकारी कपाटापुढे उभं राहून हे काय चालवलंय. त्यांनी कपाट लावलं आणि चहा प्यायला गेले.

तोळामासानं त्याच संध्याकाळी एक जुनं सील काढून पुन्हा बसवून पाहिलं. मेणबत्ती आणि पट्टी घेऊन तो तासभर झटला. तीन वेळा लाख तडकली, चौथ्या वेळी बोट भाजलं. बारा मिनिटांत हे काम ज्याला रोजची सवय आहे त्याचंच, असं त्यानं वहीत लिहिलं. आणि प्राध्यापकांना तर रोज खडू धरायची सवय.

घरी बायकोनं बोटाला मलम लावता लावता विचारलं, की वजनमापे खात्यात असताना निदान बोटं तरी शाबूत असायची ना.

४. चष्मा

बुधवारी तो कारखान्यात गेला. मालकाला तिथे सगळे धाकटे मालक म्हणत. थोरले मालक, म्हणजे वडील, जाऊन सहा वर्षं झाली तरी यांचं धाकटेपण सुटलं नव्हतं. तणतणलेला, पण वाईट नसलेला माणूस. यंत्रं जुनी झालेली, परदेशी कंपनी नवी यंत्रं देणार, नाहीतर वर्षभरात ऐंशी घरांच्या चुली थंडावतील, हे त्यांनी तीन वेळा सांगितलं, आणि तीनही वेळा खरं वाटलं.

नमुना कसा पाठवला ते त्यांनी करून दाखवलं. सूक्ष्मदर्शकाच्या भिंगांच्या ट्रेमधून हाताला येईल ते एक उचललं. पांढऱ्या फोमच्या कागदात गुंडाळलं, खोक्यात ठेवलं, सुतळी बांधून लाखेवर कारखान्याचा शिक्का मारला. मग खोकं बांधणीच्या टेबलावरच्या काट्यावर ठेवलं. काट्यातून वजनाची चिठ्ठी छापून आली, ती खोक्यावर चिकटवली. तोळामासानं सवयीनं आपलं पितळी वजन त्या काट्यावर ठेवून पाहिलं. शंभर म्हणजे शंभर. त्याला बरं वाटलं. बांधलेलं खोकं रात्रभर तिथेच फळीवर होतं, आणि सकाळी परदेशी कंपनीच्या प्रतिनिधीनं ते आपल्या गाडीतून नेऊन दिलं. त्या प्रतिनिधीला कारखान्यात सगळे पाहुणे म्हणत.

निघण्याआधी त्यानं हातघाशीची खोली पाहिली. यंत्रातून आलेल्या भिंगांवर शेवटचा हात इथे फिरायचा. चार मुली आणि एक साठीची बाई लोखंडी ठोकळ्यांवर वाकून काम करत होत्या. भिंग ठोकळ्यावर राळेनं चिकटवायचं, घासून झालं की सुरी गरम करून राळेखालून अलगद उचलायचं. एका मुलीनं बोलता बोलता असं एक उचललं, आणि राळेचा तुकडासुद्धा तुटला नाही. भिंतीलगतच्या दोरीवर सुती कापडाचे चौकोन वाळत होते, धुऊन धुऊन पांढऱ्याचे सायीसारखे झालेले.

त्या साठीच्या बाईंना सगळे अक्का म्हणत. अक्कांनी त्याला नमस्कार करायच्या आधी त्याच्या नाकावरचा चष्मा काढून घेतला.

"हा कशानं पुसता?"

"रुमालानं," तोळामासा म्हणाला. चष्म्याशिवाय त्याला समोरच्या अक्का म्हणजे एक निळसर ढग दिसत होता.

"रुमालानं नाक पुसावं." त्यांनी एक चौकोन घेतला, काचांवर फुंकर मारली, दोनदा फिरवला आणि चष्मा परत नाकावर बसवला. "हे कापड ठेवा खिशात. हा कोपरा कापलेला दिसतो ना, तो बोटात धरायचा. बोटाचं तेल बाकीच्या कापडाला लागलं नाही पाहिजे."

त्यानं आजूबाजूला पाहिलं. खोली तीच होती, पण जणू कुणी नुकतीच धुतली होती. आभार मानून तो निघाला आणि वाटेत दोन पाट्या मुद्दाम लांबून वाचून पाहिल्या.

५. दोन आकडे

गुरुवारी सकाळी त्याला ती छापील चिठ्ठी आठवली, आणि आपण इतका वेळ झोपा काढत होतो की काय असं वाटलं.

मावशींच्या टेबलावर येणाऱ्या प्रत्येक वस्तूचं वजन लिहिलं जाई. तसं करा म्हणून त्यांना कुणीच सांगितलं नव्हतं. फार वर्षांपूर्वी एका पाकिटातली चार पानं गहाळ झाली होती आणि बोल त्यांना बसला होता. तेव्हापासून येताना वजन, जाताना वजन, तेही आपल्याच काट्याचं; वस्तूवर दुसऱ्यांनी लिहिलेल्या आकड्याकडे त्या पाहत नसत. त्यांच्या काट्याला लोक हसत. त्यानं नमुन्याची नोंद काढली: आला तेव्हा ६४८ ग्रॅम, नऊ दिवसांनी प्रयोगशाळेकडे गेला तेव्हाही ६४८ ग्रॅम. रोज संध्याकाळी त्या पानावर मॅडमची सही होत असे, म्हणजे मागाहून लिहिलं म्हणायची सोय नव्हती.

मग त्यानं प्रयोगशाळेला फोन लावला आणि खोक्यावरची छापील चिठ्ठी वाचून दाखवायला सांगितलं.

"सहाशे बारा ग्रॅम," पलीकडून एक मुलगी म्हणाली.

त्यानं फोन कानाला तसाच धरून ठेवला. दोन्ही काटे त्यानं स्वतः तपासलेले, दोन्ही खरे. कारखान्यात बांधलेलं खोकं सहाशे बारा, आणि मावशींच्या टेबलावर पोचलेलं सहाशे अठ्ठेचाळीस. वाटेत खोक्यानं बाळसं धरलं होतं.

"मावशी," तो म्हणाला, "तुमच्या टेबलावर यायच्या आधीच खोकं उघडलं गेलं होतं. कपाटात काहीच झालेलं नाही."

मावशींनी काट्यावरची धूळ पदरानं पुसली, जी तिथे नव्हतीच.

"पण साहेब," पुसता पुसता त्या म्हणाल्या, "मालक म्हणतील, यांचाच काटा चुकला. केलं कुणी ते सांगितल्याशिवाय ते पत्र मागे घेणार नाहीत."

खरं होतं ते. त्यानं प्रयोगशाळेतल्या मुलीला सांगितलं, खोक्याच्या आत भिंगाशिवाय काय काय होतं ते पाहून कळवा. ती म्हणाली, ज्यानं उघडलं तो जेवायला गेलाय, आला की विचारते. आणि तोळामासा पाहुण्यांना भेटायला निघाला, कारण वाटेत दोन तास ते खोकं पाहुण्यांच्या मांडीवर होतं.

६. पाहुणे

पाहुणे हसतमुख होते. परदेशी कंपनीचे असले तरी माणूस इथलाच, आणि बोलताना प्रत्येक शब्द जणू पायपुसण्यावर पुसून बाहेर सोडत. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, की खोकं मांडीवर होतं हे खरं, कारण रस्त्याला खड्डे फार. पण भिंग चांगलं निघालं तर पाण्यात जाणार होते या बोलण्यांत घातलेले त्यांचेच आठ महिने. आपल्याच ताटात कुणी माती कालवतं का?

"तुमच्या कंपनीला खरं तर चांगलंच भिंग हवं असेल तर?" तोळामासानं विचारलं.

"हवं असतं, तर मी ते लपवून ठेवलं असतं," पाहुणे म्हणाले. "सरकारच्या हातात नेऊन दिलं नसतं."

यात खोट काढता येईना. तोळामासा परत येऊन मावशींच्या शेजारी खुर्ची ओढून बसला. व्यवहार बुडवायचा होता प्राध्यापकांना, पण त्यांच्या हाती खोकं आलं तेव्हा अदलाबदल होऊन गेली होती. खोकं हाती होतं मालक आणि पाहुण्यांच्या, पण त्यांना व्यवहार हवा होता. ज्याला करता आलं असतं त्याला करायचं नव्हतं, आणि ज्याला करायचं होतं त्याला करता आलं नसतं. त्याचं डोकं तापलं, चष्म्यावर वाफ धरली. त्यानं चष्मा काढला, खिशातलं कापड काढलं आणि पुसायला लागला.

फोन वाजला. प्रयोगशाळेतलीच मुलगी.

"साहेब, फोम वगैरे काही नव्हतं आत. भिंग सुती कापडात गुंडाळलेलं होतं. दोन कापडं, एकात एक. जुनीच आहेत, पण स्वच्छ. आणि गंमत म्हणजे दोन्हींचा एक एक कोपरा कापलेला आहे."

तोळामासानं हातातल्या कापडाकडे पाहिलं. कापलेला कोपरा त्याच्या दोन बोटांत होता, अगदी शिकवल्याप्रमाणे.

७. निकाल

मावशींच्या काट्यावर त्याचं कापड भरलं एकवीस ग्रॅम. दोन म्हणजे बेचाळीस. फोमचा तसाच कागद त्यानं कारखान्यातून मागवून घेतला, तो भरला सहा. बेचाळिसातून सहा गेले, राहिले छत्तीस. भिंग त्याच मापाचं होतं, त्यामुळे त्याचं वजन जवळपास तेच. मावशींनी बेरीज-वजाबाकी कागदावर करून पाहिली आणि दोन दिवसांत पहिल्यांदा हसल्या.

शुक्रवारी सकाळी तो धाकट्या मालकांना घेऊन हातघाशीच्या खोलीत गेला. वाटेत त्यांना त्यानं एवढंच सांगितलं. ज्यानं व्यवहार बुडवायला भिंग बदललं असतं, त्यानं ते पुन्हा फोममध्येच गुंडाळलं असतं. कुणाला संशय येऊ नये हीच चोराची पहिली काळजी. इथे मात्र कुणीतरी फोम काढून मऊ कापड घातलं होतं, तेही दुहेरी. या माणसाला पकडलं जाण्याची धास्ती नव्हती. भिंगाला चरा पडेल याची होती.

मालकांची पावलं मंदावली.

अक्का ठोकळ्यावर वाकलेल्या होत्या. तोळामासानं खिशातलं कापड त्यांच्यापुढे ठेवलं. अक्कांनी कापडाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, आणि त्यांचा चेहरा उजळला.

"निकाल लागला का?" त्यांनी विचारलं. "किती मिळाले?"

खोलीतलं घासणं थांबलं. "दहापैकी नऊ," तोळामासा म्हणाला.

"एक कुठे गेला?"

मग सगळं बाहेर आलं, आणि अक्कांनी लपवलं काहीच नाही, कारण लपवण्यासारखं काही केलंय असं त्यांना वाटतच नव्हतं. सरकार नमुना तपासणार, त्यावर कारखान्याचं ठरणार, एवढंच त्यांच्या कानावर आलं होतं. संध्याकाळी त्यांनी पाहिलं तर धाकट्यांनी ट्रेमधलं पहिलं येईल ते भिंग उचललेलं, त्यावर डोळ्यांना दिसेल असा चरा, आणि गुंडाळलेलं कशात तर त्या करकरणाऱ्या फोममध्ये. रात्रभर फळीवर ठेवून दिलेलं. सकाळी लवकर येऊन त्यांनी सुरी गरम केली, लाख अलगद उचलली, आपलं भिंग कापडात गुंडाळून ठेवलं आणि लाख परत बसवली. चार महिने जेवणाच्या सुट्टीत हातानं घासलेलं भिंग. थोरले मालक म्हणत, यंत्र पाचाला थांबतं, हात कुठे थांबतो ते कधीतरी बघायला पाहिजे. ते असताना जमलं नव्हतं.

"अक्का, मी त्या बाईंवर आळ घेतला," धाकटे मालक म्हणाले. "मला सांगायचं नाही का?"

"तू या खोलीत आलास कधी शेवटचा? परीक्षेला नापास व्हायला कुणी बसतं का रे? मला वाटलं, जास्त मार्क पडले तर ते लोक खूश होऊन कारखाना घेतील. या पोरींची कामं टिकतील."

तोळामासाला सांगणं भाग होतं, आणि सांगताना त्याला अपराधी वाटलं. ही परीक्षा उलटी होती. इथे कमी मार्कवाला पास.

अक्कांना ते समजायला जरा वेळ लागला. मग त्या ठोकळ्याजवळच्या स्टुलावर बसल्या आणि पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. चारही मुली हसल्या. शेवटी मालकही हसले, पण ते डोळे पुसत होते. आपल्या कारखान्यात काय बनू शकतं हे त्यांना सरकारी प्रयोगशाळेकडून कळलं होतं, आणि त्यावर विश्वास ठेवण्याऐवजी त्यांनी एका कारकून बाईला चोर ठरवलं होतं.

८. नऊ ग्रॅम

दुपारी तीनला मॅडमच्या खोलीत सगळे जमले. प्राध्यापकांनी भिंग खिडकीशी धरून पाहिलं आणि बराच वेळ खाली ठेवलं नाही. त्यांच्या मते गोष्ट आता साधी नव्हती. यंत्रं पाच मार्कांची, ती विकली तर देशाचं काही बिघडत नाही. नऊ मार्क एका बाईच्या हातात होते, आणि ते विक्रीच्या कागदात कुठेच लिहिलेले नव्हते.

मॅडमनी मंजुरीच्या कागदावर अटी लिहिल्या. कारखाना, यंत्रं, सूक्ष्मदर्शकांचा धंदा यात परदेशी कंपनीनं खुशाल यावं. हातघाशीची खोली विक्रीबाहेर राहील, मालकाच्या नावावर. तिथली पद्धत सरकारला विचारल्याशिवाय बाहेर जाणार नाही, आणि अक्कांनी ती चार मुलींना शिकवावी, शिकवण्याचा पगार सरकारी प्रयोगशाळा देईल. पाहुण्यांनी अटी वाचल्या, उसासा टाकला आणि सही केली. जाता जाता त्यांनी अक्कांना हळूच विचारून पाहिलं, की परदेशात चार महिने पाहुणचाराला यायला आवडेल का. अक्का म्हणाल्या, मला प्रवास सोसत नाही.

मॅडमनी खण उघडला, निलंबनाचा कागद काढून चार तुकडे केले आणि मावशींना बोलावलं. जावक रजिस्टरात त्या क्रमांकापुढे काय लिहायचं, असं मावशींनी विचारलं. मॅडम म्हणाल्या, 'रद्द' लिहा. मावशींनी लिहिलं, तारीख घातली, आणि आपल्या खुर्चीत जाऊन बसल्या. ती आज लगेच सापडली.

भिंग परत न्यायला अक्का स्वतः टेबलापाशी आल्या. मावशींनी ते दोन्ही कापडांसकट मोजून, सही घेऊन हवाली केलं. अक्कांनी तिथेच उघडून उजेडात धरलं आणि विचारलं, की याला बोट कुणी लावलं. प्राध्यापक लगबगीनं दुसऱ्या खोलीत गेले. मग अक्कांची नजर मावशींच्या चष्म्यावर गेली, आणि मावशींनी तो काढून पुढे केला.

चष्मा परत डोळ्यांवर आला तेव्हा समोर धाकटे मालक उभे होते. त्यांच्या हातात एक लिफाफा होता. तक्रार मागे घेतल्याचं आणि माफीचं पत्र, त्यांनी तिथेच बाकावर बसून स्वतःच्या अक्षरात लिहिलेलं. ते मावशींच्या हातात द्यावं की टेबलावर ठेवावं हे त्यांना कळेना, म्हणून त्यांनी ते थेट काट्यावर ठेवलं.

मावशींनी आकडा पाहिला. काटा हलायचा थांबेपर्यंत थांबल्या, आणि रजिस्टर ओढून घेतलं. 'भिंग कारखान्याकडून. विषय: माफी. वजन ९ ग्रॅम.'

"तक्रार अडतीस ग्रॅमची होती," त्या मालकांना म्हणाल्या.

मालक खाली मान घालून उभे राहिले. तोळामासानं मध्ये पडायला तोंड उघडलं, पण मावशींनी हातानं थांबवलं.

"असू दे. तिकीट कमी लागेल," त्या म्हणाल्या, आणि शेजारची खुर्ची त्यांच्याकडे सरकवली. "बसा. चहा घेऊन जा."